खोडेसायबाचा रस्ता

खोडेबद्दल चांगलं काही लिहायचं नाही, असं ठरवूनच लिहायला बसले आहे. दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी नोकरीतली एखादी आठवण मागितली, तेव्हा मी म्हटलं, नकाशे काढणारीच्या आठवणी कोण वाचणार? त्या म्हणाल्या, "अहो, तो पूर्व नागपुरातला विणकरांचा रस्ता तुमच्याच कचेरीने केला ना? कुणी खोडेसाहेब होते म्हणे, त्यांनी..." झालं! माझ्या पोटात दुखायला लागलं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, गुडघे गेले, दात गेले, पण हे एवढं एक दुखणं अजून धडधाकट आहे.

मी नगररचनेच्या कचेरीत आरेखक होते. हुद्द्याचं नाव 'ड्राफ्ट्समन'. बाई लागली म्हणून हुद्दा बदलला नाही, त्यामुळे शिपाई मला 'ड्राफ्ट्समनबाई' म्हणत असे. काम असं, की साखळी आणि फीत घेऊन जागेवर जायचं, घरं, ओटे, नाल्या, विहिरी मोजायच्या, कचेरीत येऊन ते सगळं कागदावर उतरवायचं, आणि मग त्यावर नवा रस्ता काढायचा. नकाशातली रेघ केसभर सरकली, की तिकडे जागेवर कुणाच्या तरी ओट्याची कड जाते. म्हणून माझा हात कधी हलला नाही. हे मी स्वतःच सांगते आहे, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

नकाशा तयार झाला की तो वस्तीत लावायचा आणि लोकांकडून हरकती-सूचना मागवायच्या, असा नियम. नियम होता, पण लोक बोलत नसत. बोलत ते भलतंच. एका कॉलनीत एका गृहस्थांनी दारासमोरच्या दिव्याच्या खांबावर हरकत घेतली. कारण विचारलं तर म्हणाले, आपण घरी कधी येतो हे समोरच्या घरातल्यांना कळायला नको. दुसऱ्या एकाला खांब हवाच होता, पण शेजाऱ्याच्या दारात नको होता. मुलीचं लग्न व्हायचं आहे, तोवर रस्ता फोडू नका, असं सांगायला एक आजोबा दर आठवड्याला येत. मुलीला अजून स्थळसुद्धा आलेलं नव्हतं. अशा लोकांना समजावण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि ते मला बऱ्यापैकी जमत होतं, असं मी समजत होते. मग खोडे आला.

मधू खोडे हा ओवरसीअर. गाव नरखेडकडचं, घरची संत्र्याची बाग. पहिल्याच दिवशी तो पिशवीभर संत्री घेऊन आला, आणि दुपारपर्यंत सगळी कचेरी साली सोलत त्याच्या टेबलाभोवती उभी. मी सहा वर्षं त्या कचेरीत होते, शिपायाने मला कधी आपण होऊन पाण्याचा पेला दिला नव्हता. खोडेला तो चहा आणून द्यायला लागला. माणूस कामाला वाईट नव्हता, पण अघळपघळ. फीत घरी विसरायचा. आकडे सिगारेटच्या पाकिटावर लिहायचा. कचेरीत वेळेवर आला असा दिवस मला आठवत नाही. आणि बोलणं सगळं गावाकडचं. साहेबांशीसुद्धा "हो जी, करून राहिलो जी." माझे वडील शाळामास्तर, आमच्या घरी 'ण'चा 'न' झाला तर जेवण वाढत नसत. मला वाटायचं, या माणसाला लोक काय मान देणार? मान नाहीच दिला. त्याला त्यांनी घरात घेतलं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्याकडे उभ्या ओळीचं काम आलं. पूर्व नागपुरातली ही विणकरांची वस्ती. ओळ म्हणजे गल्ली. आणि उभी, कारण या टोकाला उभं राहिलं की त्या टोकापर्यंत सरळ दिसे. दोन्ही बाजूंना कौलारू घरं, घराघरात हातमाग, लुगड्यांचं विणकाम. रस्ता मातीचा, नाल्या उघड्या, पावसाळ्यात घोटाभर चिखल. साहेब नुकतेच कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि "लोकांना विचारून रस्ता करायचा" या विचाराने भारले होते. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, हा नमुन्याचा रस्ता झाला पाहिजे." मला. खोडेला नव्हे.

मी रीतसर आदल्या दिवशी निरोप पाठवला आणि मोजणीला गेले. काय सांगू, इतकी देखणी गल्ली मी पाहिली नव्हती. झाडून लख्ख, सडा घातलेला, दारोदारी रांगोळ्या. रस्त्यात खाट नाही की बैलगाडी नाही. सोनबाजी म्हणून वस्तीतले वडीलधारे होते, धोतर, काळी टोपी, त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. मी विचारलं, "रस्त्याचा वापर कशाकशासाठी होतो?" ते म्हणाले, "जायाले-याले जी. दुसरं काय?" खात्री करायला मी पुन्हा एकदा निरोप पाठवून गेले. पुन्हा तशीच रिकामी, तशीच स्वच्छ.

इतका रुंद, सरळ, मोकळा रस्ता हाती आल्यावर कुठल्याही आरेखकाचे हात शिवशिवतील. मी मधोमध झाडांचा पट्टा काढला. गुलमोहर, त्याखाली बसायला बाकं, दोन झाडांच्या मध्ये दिव्याचा खांब. झाडं मी एकेक करून हाताने रंगवली. साहेबांनी तो नकाशा भिंतीवर लावला. खोडेसुद्धा म्हणाला, "बाई, लय भारी काढलं." तेव्हा मला तो क्षणभर आवडला होता.

मग एके दिवशी खोडे नेहमीपेक्षाही उशिरा आला. तो नंदनवनकडे राहायचा आणि सायकलने यायचा. पॅन्टच्या ढोपरावर पांढरे डाग. साहेब भडकले. तो म्हणाला, "काय करू जी, उभ्या ओळीतून येऊन राहिलो होतो, रस्ताच भरला होता. पांजणी सुरू होती. ताणा ओलांडता येत नाही. मंग बसलो चहा पीत."

वाचकांना सांगते, कारण तेव्हा मलाही सांगावं लागलं होतं. कापडात उभे आणि आडवे धागे असतात. उभ्यांना ताणा म्हणतात. मागावर चढवण्याआधी तो ताणा लाकडी घोड्यांवर लांबच्या लांब पसरायचा, त्याला खळ लावायची, आणि वाळेपर्यंत दोन्ही बाजूंनी कुंचल्याने विंचरत राहायचं. ही पांजणी. घरात एवढी लांब जागा कुणाकडे असणार? म्हणून ती सकाळी कोवळ्या उन्हात गल्लीतच करायची. पांजणी नाही तर माग नाही, आणि माग नाही तर चूल नाही. गल्ली उभी होती ती त्या ताण्यासाठी. आणि त्या ताण्याच्या बरोबर मधोमध मी गुलमोहर लावले होते.

पण हे त्या दिवशी मी मानायला तयार नव्हते. मी म्हटलं, "ती गल्ली मी दोनदा मोजली आहे. तिथे काहीही नसतं." उशिराचं कारण म्हणून हा माणूस गल्लीभर धागे पसरवतो आहे, असं मी बोलूनही दाखवलं. साहेब म्हणाले, जाऊन बघू. साहेब जायचे म्हणजे निरोप गेलाच. आम्ही गेलो, तर गल्ली लख्ख, सडा, रांगोळ्या आणि या वेळी साहेबांसाठी हारही. खोडे म्हणाला, "सोनबाजी, परवा इथं ताणा होता ना गा?" सोनबाजी आपल्या पायांकडे बघत म्हणाले, "कशाचा ताणा, सायेब?" खोडेचं तोंड उतरलं. मला झालेला आनंद मी लपवलाही नाही. परतताना जीपमध्ये मी साहेबांशी झाडांच्या जातींबद्दल बोलत होते.

खोडे कचेरीच्या पायरीवर मला म्हणाला, "बाई, ते भिऊन राहिले."

"कोणाला?"

"तुमाले."

मला! आमच्या घरचं मांजर मला भीत नव्हतं. मी त्याच्याशी चार दिवस बोलले नाही.

नियमाप्रमाणे वस्तीत सभा ठेवली. मारुतीच्या देवळासमोर सतरंज्या, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया, मध्ये माझा नकाशा. मी सगळं समजावून सांगितलं. सावली पडेल, उजेड येईल, म्हातारी माणसं बाकांवर बसतील. "कुणाची हरकत?" कुणाचीच नव्हती. सोनबाजी उठून हात जोडून म्हणाले, "लय चांगलं हाय जी. सरकारनं केलं म्हंजे चांगलंच." साहेब खूश झाले. मंजुरीचा शेरा मारायचाच काय तो बाकी होता.

तेव्हा खोडे सतरंजीवर, पुरुषांच्या मधोमध मांडी घालून बसलेला, तिथूनच म्हणाला, "मंग पांजणी कुठं करान गा?"

सोनबाजी म्हणाले, "आमचं आमी पाहून घेऊ."

"कुठं पाहून घेसान?"

तेवढ्यात बायांमधून आवाज आला. "कुठं म्हंजे? आता डोक्यावर करू!" ती गिरजाबाई. चाळिशीची, कपाळावर मोठं कुंकू, हातांना खळीच्या भेगा. सोनबाजी तिच्यावर ओरडले, "चूप बस वं!" ती चूप बसली नाही. उठून उभी राहिली. "काहून चूप बसू? झाडं आली म्हंजे माग गेला. माग गेला म्हंजे आमी कुठं जावाव? माह्या दिरानं तं माग विकाले काढला. अन् तुमी हात जोडून राहिले!"

मग सगळेच एकदम बोलायला लागले. काही वर्षांपूर्वी कुणा इन्स्पेक्टरने रस्ता अडवला म्हणून घोड्या उचलून नेल्या होत्या. तेव्हापासून कचेरीतलं माणूस येणार असं कळलं, की ताणा घरात, घोड्या परसात आणि रस्त्यावर झाडू. मी निरोप पाठवला की यांची त्या दिवसाची पांजणी बुडायची. माझा नकाशा पाहिल्यावर त्यांची खात्री पटली होती, की ताणा बंद पाडायलाच सरकार झाडं लावतं आहे. सरकारशी कोण भांडणार? म्हणून हरकत नाही.

चूक म्हणावी तर कुणाची? मी नियमाने गेले. त्यांनी पाहुण्यासाठी घर आवरावं तशी गल्ली आवरली. आणि जो माणूस आळशी, जो न कळवता भलत्या वेळी भलत्या वाटेने सायकल हाकत आला, त्याला सगळं दिसलं. हे मला आजही पटत नाही. मी बरोबर वागले आणि मला रिकामा रस्ता मिळाला. हा कसाही वागला आणि याला भरलेला मिळाला. देवाच्या दारी न्याय आहे म्हणतात. असेल, पण तो देव त्या सतरंज्यांसमोरचा नसावा.

साहेबांनी नकाशा परत घेतला. "बाई, नवा काढा."

मी काढला. आणि इथे माझी शेखी मिरवल्याशिवाय मी पुढे जाणार नाही, कारण तो नकाशा माझ्या नोकरीतलं सर्वांत चांगलं काम आहे. मधला पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा. झाडं फक्त दोन टोकांना, सकाळचं ऊन अडणार नाही अशा बाजूला. दिवे खांबांवर नव्हे, घरांच्या भिंतींवर. नाल्या झाकलेल्या, पण खळीचं पाणी ओतायला मधून मधून जाळी. नळ दोन्ही टोकांना. आणि घोड्यांचे पाय रोवायला फरसबंदीतच भोकं पाडलेले दगड, म्हणजे घोडी सरकणार नाही. ती भोकांची कल्पना माझी, पूर्णपणे माझी.

पण त्यासाठी लागणारी माहिती? मी गिरजाबाईला विचारायचे, "ताण्याच्या दोन्ही बाजूंना चालायला किती जागा लागते?" ती खोडेकडे बघून सांगायची, "दोघं जण कुंचला घेऊन जातीन इतकी, भाऊ." मी विचारायचे, "दगड कुठे बसवावे?" ती खोडेचा हात धरून जागा दाखवायची. प्रश्न माझा आणि उत्तर खोडेला. मी तिथेच उभी आहे, माझ्या हातात कागद आहे, मला मराठी कळतं, पण नाही! आणि मी आले की कुणीतरी ओरडायचंच, "बाई येऊन राहिल्या, उचला रे!" मी सांगितलं, उचलू नका, मला बघायचं आहे. सोनबाजी म्हणाले, "छे छे, तुमी काय वाकून चालसान?" आणि ताणा घरात. माझी खुर्ची बाहेर. ती खुर्ची मला डोळ्यांपुढे नकोशी झाली होती. खोडे कुणाच्याही ओट्यावर बसायचा, भाकरीबरोबर भिवापुरी मिरचीचा ठेचा खायचा आणि डोळ्यांतून पाणी काढत हसायचा. मला बशीत बिस्किटं यायची.

मी जळायचे. दुसरा शब्द नाही. घरी जाऊन आमच्या ह्यांना सांगायचे, तर हे म्हणायचे, "तूही बस ना ओट्यावर." एकदा बसले. त्या घरातली सगळी माणसं उभी राहिली.

रस्ता झाला. चांगला झाला, अजून कुठे दगड हललेला नाही. दिराने विकायला काढलेला माग गिरजाबाईने विकू दिला नाही. छोटा समारंभ झाला, तेव्हा साहेबांना आणि मला गुलाबाचे हार, नारळ, खुर्च्या. खोडेच्या गळ्यात मात्र सोनबाजींनी सुताची लड घातली. रंगवलेली, लालभडक, घरची. तिचा रंग त्याच्या शर्टाला लागला आणि तो मूर्ख तो शर्ट तसाच घालून आठवडाभर कचेरीत येत होता. माझ्या गुलाबाच्या पाकळ्या रिक्षात घरी पोचेपर्यंत गळून गेल्या. काही दिवसांनी त्या भागात दुसऱ्या कामाला गेले, तर रिक्षावाला म्हणाला, "कुठून घेऊ बाई, खोडेसायबाच्या रस्त्यानं?" नकाशाच्या कोपऱ्यात सही माझी आहे. पण नकाशाचा कोपरा बघून कुणी रस्त्याला नाव ठेवत नाही.

आता तिथे ताणा पसरत नाही, हेही सांगून टाकते. ऐंशीच्या दशकात यंत्रमागापुढे हातमाग टिकले नाहीत. मुलं कारखान्यांत लागली, कुणी रिक्षा घेतली, कुणी भाजीचं दुकान टाकलं. दगडांच्या भोकांत पोरं गोट्या खेळतात, गणपतीत मांडवाचे बांबू रोवतात. आम्ही रस्ता वाचवला आणि माग वाचला नाही, याचं मला वाईट वाटतं. खोडेलाही वाटत असेल. मी विचारलं नाही.

पण एक सकाळ माझी आहे आणि ती मी कुणाला देणार नाही.

रस्ता होऊन काही महिने झाले होते. मी रजा टाकली आणि कुणालाही न कळवता भल्या सकाळी उभ्या ओळीत गेले. कशाला, ते स्पष्टच सांगते: सगळा रस्ता ज्याच्यासाठी काढला, ती पांजणी मी एकदाही डोळ्यांनी पाहिली नव्हती. जे काही काढलं ते खोडेच्या तोंडून ऐकून काढलं होतं. खोडेने जे पाहिलं ते मला पाहायचं होतं.

गल्लीत वळले आणि थांबले. या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळा ताणा, कमरेच्या उंचीवर, उन्हात चमकत होता. माणसं दोन्ही बाजूंनी कुंचले मारत मागे-पुढे चालली होती. खळीचा आंबूस वास. घोड्यांचे पाय माझ्या दगडांत घट्ट बसलेले. मी बघत राहिले. गिरजाबाई ताण्याच्या या टोकाशी, कोपरापर्यंत खळीने माखलेली. तिने मला पाहिलं. मला वाटलं, आता ओरडेल, उचला रे.

तेवढ्यात फट्कन आवाज झाला. ताणा ज्या काठीला बांधून ओढून धरलेला असतो, त्या टोकाच्या काठीचा दोर तुटला होता. दगड नव्हे, दोर. हे नोंदवून ठेवते. ताणा सैल पडायला लागला. गिरजाबाईने काठी पोटाशी आवळली, इकडेतिकडे बघितलं, जवळ दुसरं कुणी नव्हतं, आणि ती माझ्यावर खेकसली, "पाहून काय राहिली वं? धर ना!"

मी पर्स टाकली आणि काठी धरली. "वढ! आनखी वढ! पाय रोव!" मी पाय रोवले. सगळ्या गल्लीचं ओझं त्या काठीवर आलेलं, साडीला खळ लागत होती. गिरजाबाई नवा दोर आणायला घरात धावली. कुणी मला खुर्ची आणली नाही. कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सगळे आपापले कुंचले मारत होते.

आणि सायकलची घंटी वाजली. खोडे. नेहमीसारखा कचेरीला उशीर करत निघालेला. मला पाहून त्याने सायकल भिंतीला टेकवली, बाह्या सरसावल्या आणि जवळ येऊन दोन्ही हात पुढे केले. "बाई, तुमाले नाही जमणार. द्या, मी धरतो."

मी दिली नाही.